ओळख नसलेल्या घरी जाताना : नव्या वायरमनने अंगावर काय घालावं

आयटीआयमधून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन बाहेर पडलेली पोरं माझ्याकडे हाताखाली यायला लागली की पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, ड्रिल कुठलं घेऊ, मल्टीमीटर कुठला घेऊ. मी म्हणतो, ड्रिल सध्या माझं वापर, तुझ्या पायातले मोजे दाखव आधी. पोरं हसतात. मग मी त्यांना रद्दीच्या पेपरांची गोष्ट सांगतो.

मी नवा होतो. सदाशिव पेठेतल्या एका घरी गीझर चालत नव्हता. त्याआधी सकाळभर एका दुकानात पाइप टाकायला भिंत फोडत होतो, त्यामुळे केसांपासून चपलांपर्यंत विटांचा लाल भुगा. दार उघडलेल्या काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, काही न बोलता आत गेल्या आणि रद्दीतले पेपर आणून दारापासून बाथरूमपर्यंत एकेक अंथरत गेल्या. मी त्या पेपरांवरून चालत गेलो. थर्मोस्टॅट गेला होता, तो बदलला, पाणी तापलं. पैसे देताना काकूंनी विचारलं, "खरंच बदललात ना? जुना दाखवा." दाखवला. तरी पुढच्या वेळी त्यांनी दुसऱ्यालाच बोलावलं, आणि तो माझ्यापेक्षा कच्चा होता हे मला चांगलं ठाऊक होतं.

बरीच वर्षं मला काकूंचा राग होता. आता वाटतं, त्यांनी तरी दुसरं काय पाहायचं होतं? भिंतीच्या आत वायर कशी ओढली, जॉइंट कसा मारला, अर्थिंग खरोखर लागलंय की नुसती हिरवी वायर डब्यात खुपसून ठेवली आहे, यातलं काहीच गिऱ्हाइकाला दिसत नाही. दिसतो तो कपडा, पाय, पिशवी आणि नखं. जे दिसतं त्यावरून माणूस न दिसणाऱ्याचा अंदाज बांधतो. मुलगी बघायला गेल्यावर आपणही तेच करतो.

माझे उस्ताद आयुष्यभर लेंगा आणि बनियनवर काम करत. त्यांच्याइतका बारीक हात मी पुन्हा पाहिला नाही. पण त्यांना अख्खी पेठ ओळखत होती, त्यांच्या बनियनला भोकं किती हे कुणी मोजत नव्हतं. तुम्हाला कुणी ओळखत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तुमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवरून घेतलाय, घरात त्या एकट्या आहेत आणि तुम्ही बेल वाजवताय. ओळख होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिली दहा मिनिटं, ओळखीचं काम कपडा करतो. हा लेख त्या दहा मिनिटांबद्दल आहे. मी वायरमन असल्यामुळे उदाहरणं त्याच धंद्यातली येतील, पण प्लंबर, एसीवाले, सुतार यांनाही बरंचसं लागू पडेल.

पहिली पायरी : काय घालायचं नाही ते आधी ठरवा

नव्या पोराच्या कपाटात कामाचे म्हणून जे कपडे असतात ते बहुतेक फुकटचे असतात. वायर कंपनीच्या डीलर मीटिंगमध्ये मिळालेला टी-शर्ट, रंगाच्या कंपनीचा, सिमेंटचा, निवडणुकीत वाटलेला, आणि आपल्या पुण्यात तर गणपती मंडळाचा. हे सगळे बाजूला काढा.

मंडळाचा टी-शर्ट विसर्जनाच्या दिवशी शोभतो. कुणाच्या घरी बेल वाजवताना तो घातला की समोरच्याला वाटतं वर्गणीला आले. पक्षाचा टी-शर्ट घातलात तर निम्मी गिऱ्हाइकं दारातच मनातून उतरली. वायर कंपनीचा टी-शर्ट निरुपद्रवी वाटतो, पण गिऱ्हाईक तुम्हाला त्या कंपनीचा माणूस समजतं, आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीची वायर सुचवली की त्याच्या डोक्यात शंका येते. आधी जिथे नोकरी करत होतात त्या सर्व्हिस कंपनीचा जुना युनिफॉर्म तर घालूच नका. ती सरळसरळ फसवणूक आहे. महावितरणच्या माणसासारखं दिसण्याचा मोहही टाळा. वीज तोडण्याच्या खोट्या मेसेजपासून सावध राहा असं महावितरण लोकांना पुन्हा पुन्हा सांगत असतं, लोक आधीच बिचकलेले आहेत. त्यात तुम्ही कुणी भलतेच असल्यासारखे दिसलात तर चौकशी तुमचीच होईल, आणि व्हायलाच हवी.

आता उलट टोकाची चूक, जी मीच केली. एका लग्नातून परस्पर एका घरी गेलो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट, पायात चकचकीत बूट. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा विचारला, मी बोर्ड उघडून बघतोय तर म्हणाले, "ठीक आहे, मग तुमचा माणूस कधी येणार कामाला?" मीच तो माणूस, हे त्यांना पटवायला चहा संपेपर्यंतचा वेळ गेला. वर एस्टिमेट ऐकून म्हणाले, मला वाटलंच महाग असणार. कपडा कामाला साजेसा हवा. फार भारी कपड्यातला वायरमन एक तर विक्रेता वाटतो, नाहीतर हात न लावणारा.

दुसरी पायरी : कापड आणि रंग

इथे दिसण्याआधी जिवाचा विचार करा. घरात २३० व्होल्ट असतात. शॉर्ट झाल्यावर ठिणगी उडते, कधी पॅनेलमध्ये मोठा भडका होतो. अशा वेळी सुती कापड जळतं, पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, आणि ती जखम फार वाईट असते. खेळाचे चमचमते ड्राय-फिट टी-शर्ट स्वस्त असतात, घाम लवकर सुकतो, पोरांना आवडतात. वायरमनने ते क्रिकेटपुरतेच ठेवावेत. जाड सुती, म्हणजे ड्रिल नावाचं कापड किंवा कॉटन ट्विल, सगळ्यात बरं. टेरिकॉट दिसायला छान राहतं, इस्त्री धरतं, पण त्यात पॉलिस्टरचा वाटा मोठा असतो. घरगुती पंखा-ट्यूबलाइटच्या कामाला लोक वापरतात, मला ते पॅनेलसमोर नको वाटतं. टी-शर्टच घ्यायचा तर कॉलरचा घ्या. तिरुपूरहून येणारे सुती कॉलर टी-शर्ट घाऊकमध्ये परवडणाऱ्या भावात मिळतात. पोत जाड आहे ना हे हाताने चोळून बघा, पातळ निघाला तर तीन धुण्यांत कॉलर लोळते. आणि लोळलेल्या कॉलरीचा माणूस दमलेला दिसतो, सकाळी नऊलासुद्धा.

रंगाबद्दल पोरं फार विचार करतात, त्यात एवढं काही नाही. काळा नको, त्यावर पीओपी आणि पुट्टीची धूळ लगेच उठून दिसते. पांढरा नको, कारण सांगायला नको. खाकी आपल्याकडे आधीच वाटला गेलेला रंग आहे: पोलीस, एसटी, रिक्षा. रिक्षावाल्यांचं उदाहरण मला फार आवडतं. आपल्या राज्यात स्वतःच्या मालकीची रिक्षा चालवणाऱ्याने पांढरा घालायचा आणि दुसऱ्याची चालवणाऱ्याने खाकी, म्हणजे नुसत्या शर्टावरून कळतं की मालक कोण. मुंबईच्या डबेवाल्याची पांढरी टोपीही तशीच. तो माणूस कोण हे ऑफिसातल्या वॉचमनला माहीत नसतं, टोपी माहीत असते, आणि तेवढ्यावर तो आत जातो.

माझं मत : वायरमनला राखाडी, कारण भिंतीच्या धुळीचाही रंग तोच. प्लंबर आणि एसीवाल्याला नेव्ही ब्लू, त्यावर ग्रीस आणि पाण्याचे डाग कमी दिसतात. एकदा ठरवला की तोच ठेवा. दोन वर्षांनी सोसायटीतली माणसं "तो राखाडी टी-शर्टवाला" म्हणायला लागतील, आणि ते नावापेक्षा लवकर लक्षात राहतं.

किती घ्यायचे? चार. दोन रोज आळीपाळीने, एक धुण्यात, आणि एक पिशवीत घडी करून. पिशवीतला चौथा सगळ्यात महत्त्वाचा, त्याबद्दल पुढे.

तिसरी पायरी : शिंप्याला काय सांगायचं

पँट उंच कमरेची शिवा किंवा घ्या. सिंकखाली, बेडमागच्या सॉकेटशी, माळ्यावर आपण दिवसभर वाकलेले असतो, आणि मागे उभ्या असलेल्या घरच्या माणसांना काय दिसतं याचा विचार कुणी करत नाही. लो-वेस्ट जीन्समधला पोरगा वाकला की घरातली बाई तिथून उठून जाते. मग तुम्ही काम केलंत की नाही हे बघायला कुणीच उरत नाही, आणि बिलाच्या वेळी वाद होतो. शर्ट खोचलेला किंवा पुरेसा लांब असू द्या.

खिशाला झाकण लावून घ्या. वरच्या खिशातला टेस्टर वाकताना उघड्या डीबीमध्ये, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या मेन बोर्डात, पडलेला मी पाहिला आहे, आवाज अजून आठवतो. गुडघ्यावर आतून डबल कापड टाका. ढगळ बाह्या नकोत. पॅनेलचं काम असेल त्या दिवशी पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, मनगटाला बटण लावून. पट्टा कॅनव्हासचा, प्लास्टिकच्या बकलाचा.

धातूचं सगळं घरी किंवा पिशवीत. कडं, अंगठी, साखळी, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ. हे गिऱ्हाइकासाठी नाही, तुमच्या बोटांसाठी आहे. पण गंमत अशी की काम सुरू करण्याआधी तुम्ही शांतपणे अंगठी काढून खिशात टाकलीत तर समोरच्याला लगेच कळतं, याला धंदा येतो. मी सासऱ्यांनी दिलेली अंगठी रोज अशी काढतो, आणि घरी परत घालायला विसरलो की बायको बोलते ते वेगळं.

मुलीही आता या ट्रेडमध्ये येतात, माझ्याकडे दोघी शिकून गेल्या. त्यांना "तुम्ही करणार?" हा प्रश्न दारातच ऐकावा लागतो, त्यामुळे त्यांच्या अंगावरचा नीट युनिफॉर्म पोरांपेक्षा जास्त काम करतो. ओढणी नको, केस घट्ट बांधलेले, बांगड्या काढलेल्या. मंगळसूत्र असेल तर काम करताना काढून ठेवणं उत्तम, ते नकोसं वाटत असेल तर निदान शर्टाच्या आत आणि गळ्याचं बटण लावलेलं. त्यातली एक जण म्हणायची, "काका, टी-शर्टवर नाव आहे म्हणून मला कुणी कामवाली समजत नाही." मला ते ऐकून बरं आणि वाईट दोन्ही वाटलं.

चौथी पायरी : नाव

छातीवर नाव आणि धंदा, पाठीवर फोन नंबर. एवढंच. "सर्व प्रकारची कामे योग्य दरात" वगैरे मजकूर कार्डावर ठीक, पाठीवर नको. छपाई स्वस्त पडते पण धुण्यात तडकते, आणि अर्धा उडालेला नंबर नसलेल्या नंबरपेक्षा वाईट. भरतकाम करून घ्या, चार टी-शर्टांचं फार होत नाही. नाव मराठीत लिहा. बोर्डावर वाकलेल्या माणसाला "ओ भाऊ" म्हणण्याऐवजी आजोबा नाव घेऊन हाक मारतात, तिथून बोलणंच बदलतं.

पाठीवरच्या नंबराने लिफ्टमध्ये कामं मिळतात. मागे उभा असलेला माणूस दुसरं काय वाचणार? पण लक्षात ठेवा, तोच नंबर सिग्नल तोडताना आणि टपरीवर पिंक टाकतानाही पाठीवर असतो.

गळ्यात फोटोचं ओळखपत्र ठेवायचं तर काम सुरू करताना काढून खिशात घाला. लोंबती दोरी आणि उघडं टर्मिनल यांची गाठ पडू देऊ नका. वायरमनचा परवाना मिळाला असेल तर त्याची प्रत पिशवीत असू द्या, विचारलं तर दाखवता येते. छातीवर मात्र "परवानाधारक" तेव्हाच लिहा, जेव्हा तो खरोखर तुमच्या नावावर असेल.

पाचवी पायरी : पाय

यावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण इथे आपल्या घरांची रीत आणि धंद्याची सुरक्षितता समोरासमोर येतात. परदेशी व्हिडिओंत इलेक्ट्रिशियन जाड बूट घालून गालिच्यावरून चालत जातो. आपल्याकडे बुटासकट उंबरा ओलांडलात तर पुढचं काम किती चांगलं करता याला अर्थ उरत नाही. दारात चपला काढणं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण अनवाणी पायाने, त्यातून बाथरूमच्या ओल्या फरशीवर उभं राहून विजेचं काम करणं म्हणजे जिवाशी खेळ. ओली त्वचा करंट सहज जाऊ देते.

मग करायचं काय? मी असं करतो. बाहेरचे बूट किंवा चपला दाराबाहेर, नीट जोडीने, वाटेत नाही. पिशवीत एका कापडी थैलीत रबरी तळाची दुसरी जोडी असते, जी कधीच रस्त्यावर जात नाही. ती बाहेर काढताना मी म्हणतो, "ही फक्त घरात वापरतो, बाहेर घालत नाही. करंटचं काम आहे, चालेल ना?" आजवर एकाही घरात नाही म्हटलेलं नाही. उलट बरीच जणं ती जोडी उलटी करून तळ बघतात! तळ स्वच्छ असतो, आणि तुमचं अर्धं काम तिथेच होतं. स्वयंपाकघरात देवघर असेल तर पुन्हा विचारायचं. आजी नको म्हणाल्या तर वाद घालायचा नाही. कोरडी रबरी मॅट गुंडाळून सोबत ठेवा, चपला काढून तिच्यावर उभं राहा.

अर्थात साध्या रबरी चपलेवर जीव टाकून काम करायचं नसतं. मेन बंद करा, टेस्टर आधी चालू पॉइंटवर तपासून मग आपल्या पॉइंटवर लावा, आणि घरात इन्व्हर्टर आहे का ते विचारा, कारण मेन पाडली तरी त्याच्या लाइनमध्ये करंट असतो. चप्पल ही त्यानंतरची गोष्ट.

मोजे. रोज धुतलेले, भोक नसलेले, सुती. बूट काढल्यावर येणारा वास हा तुमच्याविषयीचा पहिला शब्द असतो, आणि तो तुम्हाला स्वतःला येत नाही. पावसाळ्यात हा प्रश्न भयंकर होतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पिशवीत दोन कोरड्या जोड्या आणि एक छोटा टॉवेल असलाच पाहिजे. ओले मोजे जिन्यातच काढा, प्लास्टिकच्या पिशवीत भरा, पाय पुसा, मग बेल वाजवा. रेनकोटही बाहेरच, कठड्यावर उलटा टाकून. ठिबकणारा रेनकोट हातात घेऊन हॉलमध्ये उभं राहिलेल्या पोराकडे घरातली बाई बघतच नाही, ती फरशीकडे बघत असते.

सहावी पायरी : पिशवीपण अंगावरचाच कपडा समजा

सिमेंटच्या गोणीत हत्यारं घेऊन फिरणारे कारागीर अजून आहेत, आणि त्यातले काही माझ्यापेक्षा चांगले आहेत. पण गोणी जिथे टेकते तिथे धूळ आणि तेलाचा गोल उठतो. कॅनव्हासची पिशवी घ्या, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत वायर आणायला जाताच की, तिथेच आसपास मिळेल. ती कधीही सोफ्यावर, डायनिंग टेबलवर किंवा बेडवर ठेवायची नाही. जुनी धुतलेली चादर सोबत ठेवा. आधी चादर अंथरायची, तिच्यावर पिशवी, तिच्यावर हत्यारं. भोक पाडायचं असेल तर चादर भोकाखाली.

चादर अंथरताना घरच्यांचा चेहरा बघा एकदा. काकूंनी माझ्यासाठी पेपर अंथरले होते. आता मी येतानाच माझी चादर घेऊन येतो, आणि काकूंना उठावं लागत नाही.

हात पुसायला आपलं फडकं. "जरा फडकं देता का" हे वाक्य कमीत कमी वेळा वापरायचं. पंखा लावल्यावर पात्यांवर बोटांचे काळे ठसे उमटतात, स्विचच्या पांढऱ्या प्लेटवर तर हमखास. जाण्याआधी ते पुसा. आपण गेल्यावर रोज दिसतात ते ठसेच. आणि वरच्या खिशात पेन आणि टेस्टर असावा, तंबाखूची पुडी नाही. खिशाचा फुगवटा ओळखू येतो. तोंडात काही असेल तर घरात शिरू नका, तुमचं उत्तर "हूं हूं" असं आलं की समोरच्याचं मन तिथेच मिटतं.

सातवी पायरी : गेटपासून दारापर्यंत

सोसायटीच्या गेटवर वॉचमन तुमचा कपडा पाहून ठरवतो की "कुठे जायचंय साहेब" म्हणायचं की "ए, इकडे ये" म्हणायचं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. काही इमारतींत कामवाल्यांना वेगळी लिफ्ट आहे, ते मला आजही खटकतं आणि स्वच्छ टी-शर्टाने ते बदलत नाही. पण निदान नाव, फ्लॅट नंबर आणि काम हे तिन्ही एका दमात सांगा, वहीत नीट लिहा. वॉचमनशी भांडण करून वर गेलेला माणूस दारात कपाळावर आठ्या घेऊनच उभा राहतो.

जिन्यात, लिफ्टमध्ये नाही, तर जिन्यात, थांबून स्वतःकडे एकदा बघा. इथे तो पिशवीतला चौथा शर्ट. गिऱ्हाईक मळाकडे कसं बघतं हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. त्याच्या घरात काम करताना तुम्ही मळलात तर त्याला काही वाटत नाही, उलट माळ्यावरून जळमटं घेऊन उतरलेल्या वायरमनला लोक आपणहून पाणी देतात. त्याला खुपतो तो दुसऱ्याच्या घरचा मळ. सदाशिव पेठेत माझ्या अंगावर तो दुकानातल्या भिंतीचा भुगा होता. म्हणून फोडाफोडीचं काम संपलं की पुढच्या घरी जाण्याआधी शर्ट बदला, तोंड धुवा, केस झटका. पाच मिनिटांचं काम आहे. वेळच नसेल तर दारात आपणहून सांगा : "आत्ता फोडकामावरून आलोय, कपडे तसेच आहेत, बाहेर झटकून येतो." सांगितलेल्या मळाचं कुणी मनावर घेत नाही.

बेल एकदा. मग दोन पावलं मागे. आयहोलमधून तुमचं नाव वाचता आलं पाहिजे.

आठवी पायरी : माणूस बघून थोडा बदल

हिंजवडीकडच्या फ्लॅटमध्ये ॲपवरून येणाऱ्या युनिफॉर्मवाल्या पोरांची सवय झाली आहे, तिथे तुमची तुलना त्यांच्याशीच होते. पेठेतल्या जुन्या घरी फार कडक युनिफॉर्म पाहून आजोबा आधी "व्हिजिट चार्ज किती?" विचारतात. दुकानदाराला कपड्याचं काही नाही, त्याला तुम्ही किती वेळ दुकान बंद ठेवणार ते हवं असतं.

मी गावाकडे, सासवडच्या पुढे, मोटारीच्या स्टार्टरचं काम करायला जातो तेव्हा स्वच्छ राखाडी टी-शर्ट पाहून शेतकरी साशंक होतो : "हे पोरगं शेतात उतरणार का?" तिथे मी पहिल्यांदा पँटचे पाय वर दुमडतो आणि मग बोलतो.

बांधकामाची साइट आणि एमआयडीसीतली कंपनी हा वेगळाच प्रकार. तिथे छापापेक्षा नियम चालतो. आयएस, म्हणजे भारतीय मानक, २९२५ चं हेल्मेट, आयएस १५२९८ चे सेफ्टी शूज, आणि विजेच्या कामाला आयएस ४७७० चे रबरी हातमोजे. मार्क बघून घ्या, रस्त्यावरचे दिसायला सारखेच असतात. शूज नसतील तर गेटवरूनच परत पाठवतात, आणि दिवस वाया जातो. तिथले धुळीने भरलेले शूज थेट कुणाच्या फ्लॅटच्या दारात मात्र आणू नका.

बिलाचं एक सांगतो. नीट कपड्यांमुळे घासाघीस कमी होते हा माझा अनुभव आहे, पण अपेक्षाही वाढते. नाव घातलेल्या टी-शर्टातल्या माणसाकडून लोक लेखी बिल मागतात, गॅरंटी विचारतात, वेळ पाळावी असं त्यांना वाटतं. बिलबुक छापून घ्या. कपडा घेतलात आणि बिल सिगारेटच्या पाकिटावर लिहिलंत तर सगळं मुसळ केरात.

शेवटची पायरी : धुणं, आणि जुना झाल्यावर

कामाचे कपडे घरच्या कपड्यांत टाकू नका, विशेषतः लहान मुलांच्या. भिंत फोडलेल्या दिवशी आधी गच्चीत झटका, मग भिजवा. पीव्हीसी पाइपचं सोल्युशन कपड्यावर सांडलं तर ते निघत नाही, तो शर्ट फोडकामाला ठेवा. उन्हातच वाळवा. पावसाळ्यात घरात वाळलेल्या कपड्याला जो कुबट वास येतो तो घाम आला की दुप्पट होतो. इस्त्रीला रोज पैसे घालायची गरज नाही, ओलसर असताना हाताने झटकून घडी घाला आणि रात्री गादीखाली ठेवा. माझे वडील हेच करत.

वर्षभरात कॉलर विरते, काखेत रंग उडतो. मग त्याची फडकी करा. बोहारणीला द्यायचा तर त्याआधी नाव आणि नंबराचा तुकडा कापून काढा. मी एकदा विसरलो. माझ्या बायकोने तीन टी-शर्ट देऊन एक स्टीलची परात घेतली, आणि दीड महिन्याने मला एका बाईंचा फोन आला. खूप चिडल्या होत्या. म्हणाल्या, "काल तुमच्या गाडीवरून पपई घेतली, आतून पूर्ण सडलेली निघाली." मी म्हटलं, ताई, मी वायरमन आहे. त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नका, पाठीवर नंबर लिहिलाय तुमच्या."